‘बंदी’ की ‘नाकेबंदी’?

लेखनिका: नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, बिटकॉइनसारख्या क्रिप्टोच्या नियमांवरचा लेख मराठीत आणतेय. ‘2021 मध्ये नायजेरियाने बंदी घातली’ असं लिहिलं आणि स्वतःच अडखळले. 5 फेब्रुवारीला तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना फर्मावलं: क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांची खाती हुडका, बंद करा. पण बिटकॉइन बाळगणं गुन्हा नव्हता. लोक आपसांत नायरा (तिथलं चलन) देऊन ते घेतच होते. मग ही बंदी कसली?

रोखपाल (निवृत्त): नाकेबंदी म्हणा. दारूबंदीत बाटली सापडली की धरतात. इथे माल मोकळा, फक्त नाक्यावर, म्हणजे बँकेत, अडवलेला. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल 2018 मध्ये हेच केलं होतं. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तेव्हाही सगळीकडे ‘बंदी’च छापून आलं.

लेखनिका: छान! पण डिसेंबर 2023 ला नायजेरियात परवानाधारक क्रिप्टो कंपन्यांना खाती उघडायची मुभा मिळाली, आणि बँकांनी स्वतः क्रिप्टो बाळगायचा नाही हे मात्र कायम राहिलं. त्याला?

रोखपाल (निवृत्त): नाकेबंदी उठली, बँकांना मनाई कायम. दोन शब्द, दोन कामं.

खडूस: क्रिप्टोला ‘कूटचलन’ तेवढं म्हणू नका. एक तर शेंगदाणे आठवतात, दुसरं म्हणजे कूटसाक्षी हा खोटा साक्षीदार. चलनही खोटं वाटेल. शिवाय ‘चलन’ हा शब्दच दक्षिण आफ्रिकेला नकोय. तिथली रिझर्व्ह बँक ‘क्रिप्टो-मत्ता’ अशा अर्थाची संज्ञा मुद्दाम वापरते. कायदेशीर चलन रँडच.

लेखनिका: हो, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तिथे या मत्तेला ‘वित्तीय उत्पादन’ ठरवलं.

खडूस: उत्पादन? कारखाना कुठे आहे? पण कायद्याची संज्ञा आहे, राहू द्या. ‘मान्यता दिली’ मात्र लिहू नका. जून 2023 पासून व्यवसाय करायचा तर परवान्यासाठी अर्ज करा, एवढंच म्हटलं. परवाना म्हणजे शिफारस नव्हे.

रोखपाल (निवृत्त): आणि नायजेरियाच्या 2025 च्या कायद्यात ही मत्ता रोख्यांत धरलीय. ‘रोखे’ लिहा, ‘प्रतिभूती’ नको. माझा जन्म बँकेत गेला, काउंटरवर तो शब्द कधी ऐकला नाही.

लेखनिका: ‘बंदी’ खोडली. ‘प्रतिभूती’ संपादकांच्या हट्टाची आहे, त्यांच्याशी तुम्हीच बोला.