बांधाचा वाद तंटामुक्ती समितीत मिटवला तर तो कागद टिकतो का?

प्रश्न: भावाभावांत बांध कोरण्यावरून तंटा, दिवाणी दावाही चालू. समितीपुढे समझोता लिहिला की पुरे का?

उत्तर: पुरत नाही. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी आणा, हद्दीचे दगड दोघांसमोर रोवा. पावलांनी मोजलेला बांध पुढच्या नांगरटीला पुन्हा सरकतो! समझोत्यात गट नंबर, चतुःसीमा, सह्या, साक्षीदार हवेत.

उत्तर: दावा चालू आहे ना? मग तोच समझोता लोकअदालतीत ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं (अंतिम आदेशाचं) बळ मिळतं. अपील नाही, कोर्ट फीही परत. नुसता समितीचा कागद कपाटात पडून राहतो.

उत्तर: कुणी ऐकत नाही म्हणून त्याला वाळीत टाकू नका. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याने तो गुन्हा आहे.