बॅकगॅमन: डबल केव्हा द्यावे, केव्हा स्वीकारावे?

प्रश्न
घरे बांधणे, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला अँकर (आपल्या दोन सोंगट्यांनी धरलेले घर) राखणे, सलग सहा घरांची भिंत उभारून मागची सोंगटी कोंडणे, इथपर्यंत माझी तयारी झाली आहे. अडचण आहे ती डबलिंग क्यूबची, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करण्याच्या ठोकळ्याची: एकाने डबल दिले, की दुसऱ्याने ते स्वीकारून दुप्पट गुणांवर खेळायचे किंवा नाकारून चालू गुण गमावायचे. डबल देण्याचा आणि स्वीकारण्याचा निर्णय मी अजून अंदाजानेच घेतो. त्याला काही हिशेब आहे का? आणि खेळलेले डाव ग्नू बॅकगॅमनसारख्या प्रोग्रॅमकडून तपासून घेतले, तर ही जाण येते का?

उत्तर १
आधी स्वीकारण्याचा हिशेब पक्का करावा, कारण देण्याचा हिशेब त्यावरच उभा आहे. एकच स्थिती चार वेळा आली असे धरा. चारही वेळा डबल नाकारले, तर चार गुण गेले. चारही वेळा स्वीकारून एकच डाव जिंकला, तर दोन गुण आले आणि सहा गेले, म्हणजे तोटा पुन्हा चारच. म्हणून जिंकण्याची 25 टक्के शक्यता ही सीमारेषा. क्यूब आपल्याकडे आल्यावर पुढचे डबल देण्याचा हक्क आपलाच राहतो, त्यामुळे साध्या शर्यतीत याहून किंचित कमी शक्यताही पुरते. उलट गॅमन होऊन (आपली एकही सोंगटी पटाबाहेर निघण्याआधी हरून) दुप्पट गुण जाण्याची भीती असेल, तर 25 टक्केही अपुरे पडतात.

उत्तर २
सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या आणि निव्वळ शर्यत उरली, की पिप, म्हणजे सगळ्या सोंगट्या पटाबाहेर काढायला चालावी लागणारी एकूण घरे, मोजलेच पाहिजेत. दान आपले असताना आघाडी आपल्या पिपांच्या 8 टक्के असेल तर पहिले डबल आणि 9 टक्के असेल तर पुन्हा डबल द्यावे; प्रतिस्पर्ध्याने 12 टक्क्यांपर्यंतची पिछाडी असताना ते स्वीकारावे, असा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. आपले 80 आणि त्याचे 88 असतील, तर फरक 10 टक्के: देणेही योग्य, घेणेही योग्य. त्याचे 92 असतील, तर त्याने डाव सोडावा. मात्र पहिल्या घरावर पाच सोंगट्यांची चळत असेल, तर ते पिप पाचच भरतात, पण जोडदान (दोन्ही फाशांवर एकच आकडा) पडले नाही तर त्या उचलायला तीन दाने लागतात. अशा चळतीसाठी मोजणीत काही पिप वाढवून धरावेत.

उत्तर ३
प्रोग्रॅम जरूर वापरावा. या खेळाचे ज्ञान त्यांच्यामुळेच पुढे गेले आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी घडवलेला टीडी-गॅमन स्वतःशीच खेळून शिकला. पहिल्या 2-1 च्या दानावर पाचव्या घरात एकटी सोंगटी ठेवण्याची रूढ चाल सोडून त्याने मागची सोंगटी 24 वरून 23 वर सरकवणे पसंत केले, आणि पुढे तज्ज्ञांनीही ते स्वीकारले. पण नुसते उत्तर वाचून जाण येत नाही. आधी आपल्या जिंकण्याची शक्यता किती टक्के वाटते ते कागदावर लिहावे, मगच प्रोग्रॅमचा आकडा उघडावा. सोंगट्या अजून एकमेकींना ओलांडून गेल्या नसतील, तर या अंदाजात माऱ्याची शक्यता मोजून धरावी: वाट मोकळी असता सहा पिप दूरची एकटी सोंगटी 36 पैकी 17 दानांनी मरते, सात पिप दूरची केवळ 6 दानांनी. डबल द्यावे की थांबावे, हे कित्येकदा या एका पिपावर ठरते.