‘खरा विश्वासणारा निराश होत नाही’ म्हणे!

सेक्टर_सातची (ऐरोली)

आज आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर एका ब्रदरांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच, की खरा विश्वासणारा निराश होत नाही, निराशा ही अविश्वासाची पहिली पायरी, आणि प्रार्थनेला उत्तर येत नसेल तर ‘आपल्या अंतःकरणात काय दडलंय ते तपासा’. खाली सदतीस आमेन. तिथं मी काही बोलले नाही, कारण बुधवारी त्याच लोकांच्या शेजारी बायबल क्लासला बसायचंय. म्हणून इथं लिहितेय.

लग्नाला अकरा वर्षं झाली. चार वेळा आयव्हीएफ. चौथ्याचा निकाल मागच्या महिन्यात आला. मी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभी होते, फोनवरच बघितला. समोरची पनवेल सोडली. पुढची वाशी सोडली. त्याच्या पुढची कुठली होती आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी एक आंटी फ्रेम घेऊन आल्या. यिर्मया २९:११, सोनेरी अक्षरं, मागे सूर्यास्त. देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे संकल्प आहेत, तेच ते वचन. फ्रिजवर ठेवलीय. आता तिच्यामागे गॅसचं पुस्तक आणि लाईटबिलं राहतात.

ब्रदरांना विचारायचंय, दहावं वचन फ्रेममध्ये का मावत नाही हो? बाबेलात ७० वर्षं भरल्यावर मग, असं लिहिलंय. बाबेलात कैदेत नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं पत्र आहे ते. पत्र पोचलं तेव्हा जे चाळिशीत होते ते सगळे बाबेलातच मेले. मधल्या काळात काय करायचं तेही सांगितलंय, घरं बांधा, बागा लावा. (सहाव्या वचनात मुलंबाळं होऊ द्या असंही आहे. ते मी सोडून देते.) आणि स्तोत्र ८८ एकदा शेवटपर्यंत वाचा. अंधारात सुरू होतं, अंधारातच संपतं. ते लिहिणाऱ्याला ब्रदरांएवढा विश्वास नसावा.

नगरी_सलाम

सलाम ताई. दुःख कळतं, पण सूर पटला नाही. ब्रदरांचे शब्द चुकले असतील, मुद्दा चुकलेला नाही. २ शमुवेल १२ काढा. मूल आजारी होतं तेव्हा दावीद सात दिवस उपाशी जमिनीवर पडून होता. मूल गेलं तसा उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, आधी मंदिरात गेला आणि मग जेवला. नोकर चकित झाले. याला म्हणतात विश्वास.

आणि आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, शेवटी १९२१ ला एकुलती मुलगी मनोरमा. बाई केडगावला बायबलचं भाषांतर करत राहिल्या. त्या फ्रिजकडे बघत बसल्या नाहीत.

सेक्टर_सातची

दादा, त्याच अध्यायात चोविसावं वचन बघा. दाविदाला लगेच शलमोन झाला. तुमची सगळी उदाहरणं अशीच. हन्ना रडली, शमुवेल झाला. सारा हसली, इसहाक झाला. अकरा वर्षं मी हन्ना ऐकतेय. जिला झालंच नाही तिचं नाव कुणाला माहितीय का?

आणि रमाबाईंना मधे आणू नका. मनोरमा गेल्यावर वर्षाच्या आत त्याही गेल्या. आतून काय चाललं होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं?

फ्रिजचं वाक्य लक्षात ठेवीन.

मासुंद्याकाठी

ताई, माझी मावशी. आम्ही ठाण्यातले जुने ईस्ट इंडियन कॅथलिक, तळ्याजवळचं चर्च आमचं. मावशीला मूल नव्हतं. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीला जायची आणि मेणाचं बाळ वाहायची. मी लहानपणी बरोबर असायचो, तिथल्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं रांगेनं मांडलेली असतात. बाळं सगळी एकाच साच्यातली, नाक जरा चपटं. ती तरी निवडून घ्यायची, हे नको, ते द्या. वीस-बावीस वर्षं वाहिलं. मग गुडघे गेले, तर पाय वाहायला लागली. बाळाचा विषय तिनंही काढला नाही, आम्हीही नाही. चर्चची मिस्सा मात्र एक चुकवली नाही. आता ती निराश होती की विश्वासणारी, हे ब्रदरांना विचारून सांगा.

वचन_एकच

मेणाचं बाळ हा नवस झाला. माफ करा, पण हा ख्रिस्ती विश्वासच नव्हे. देवाशी सौदा केला की निराशा येणारच. मूळ दुखणं इथं आहे. जत्रा, मेणबत्त्या, माळा यातून बाहेर पडा आणि वचनाकडे या.

मासुंद्याकाठी

आलं! वाटच बघत होतो. सौदा म्हणे. तुमच्या सभेत तो स्टेजवरचा माणूस ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणत पाकिटं फिरवतो, ते काय असतं? आमची मेणबत्ती निदान जळून जाते, तिच्यावर कुणी गाडी घेत नाही.

आणि आम्हाला ख्रिस्ती व्हायला शिकवू नका. १३२१ ला याच ठाण्यात चार जण विश्वासासाठी मारले गेले. निघाले होते कोल्लमला आणि पुढं चीनला, वादळानं आणलं इथं. चीनला पोचली ती नुसती हाडं, तीही ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं नेली म्हणून. आपला वसईचा गोन्सालो गार्सिया घ्या. वर्षानुवर्षं जेझुइट पाद्र्यांबरोबर काम केलं, त्यांनी संघात घेतलंच नाही. बिचारा व्यापार करायला लागला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला. जेझुइटांनी नाही म्हटलं त्या दिवशी तो हल्लेलुया म्हणत घरी गेला असेल का?

वचन_एकच

पाकिटं फिरवणाऱ्यांचा आणि माझा काहीही संबंध नाही. दुसऱ्याचं पाप माझ्या गळ्यात मारू नका. मूर्तीपुढं मेणाचं बाळ ठेवायला कुठल्या वचनात सांगितलंय, एवढं दाखवा. गोन्सालो गार्सिया नको, वचन दाखवा.

मासुंद्याकाठी

फ्रेममध्ये सूर्यास्त घालायला कुठल्या वचनात सांगितलंय, ते तुम्ही आधी दाखवा.

हार्बर_बुधवार

भांडू नका रे. मी वाशीहून माहीमला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचे, वडाळ्याला गाडी बदलून, नऊ बुधवार. मग अजून नऊ. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. तिथं आभाराची पत्रं वाचून दाखवतात. नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ विरघळली. अठरा बुधवार मी दुसऱ्यांची पत्रं ऐकली. ज्यांचं झालं नाही ती कशाचं पत्र लिहिणार? वचन_एकच, तुमच्याकडच्या साक्षीही तशाच. ‘मी मागितलं, मिळालं नाही, तरी आलोय’ अशी साक्ष द्यायला माईक मिळतो का कुणाला?

(दारू सुटली नाही. नवरा गेला, २०१९ ला.)

खारघर_निरीश्वर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मेणबत्त्यांचा वेगळा धागा काढा की!

एक साधा प्रश्न. मूल न होण्याची कारणं वैद्यकीय असतात, चौथी सायकल फसली ती शरीरातल्या कुठल्यातरी गोष्टीमुळं. मग ‘माझंच का’ हा प्रश्न मधे देव घातल्यामुळंच उभा राहतो ना? देव काढा, प्रश्न गेला.

सेक्टर_सातची

प्रश्न जातो हो, पण मग भांडायचं कुणाशी? लॅबशी? तुकोबाची बायको-पोर दुष्काळात गेली, तो विठोबाला तोंडावर काय काय बोलला, ते तुम्ही शाळेत वाचलं असेल. तुकोबाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे. मी अजून त्याच पुलावर असेन. मला उत्तर नकोय, मला कुणी ‘तपास स्वतःला’ म्हणू नये एवढंच हवंय. डॉक्टरांनी तपासलंय. पुष्कळ तपासलंय.

हार्बर_बुधवार

ताई, एक बोलू? राग मानू नकोस. ती आंटी आली तरी. मिस्टर गेल्यावर माझ्याकडे फ्रेमसुद्धा कुणी आणली नाही. दारुडा होता ना, लोकांना काय बोलावं सुचलं नसेल. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र पुढं नको ते बोलले, पण आधी सात दिवस येऊन बसले तरी होते. मला सूर्यास्तवाली फ्रेमही चालली असती.

सेक्टर_सातची

बरं. आंटींचं नाव मी इथं घ्यायला नको होतं. (घेतलेलं नाही, पण ऐरोली लहान आहे.) त्या दिवशी त्यांनी मटणाचा डबाही आणला होता, तो आम्ही खाल्ला, ते मी लिहिलं नाही. ब्रदरांवरचा राग त्यांच्यावर निघाला. फ्रेम तरीही भयंकर आहे.

नगरी_सलाम

दोन दिवस वाचतोय. मला इथं दगडाच्या काळजाचा ठरवलंय, म्हणून स्वतःचं सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीत मी एकोणीस वर्षं होतो. एका सोमवारी गेटला कुलूप. ग्रॅच्युइटी अडकली, मुलगी दहावीला. आमचे आजोबा नगरकडे पाळक होते, घरात रोज उपासना, त्यामुळं मी निराश झालो नाही. रविवार एकही चुकवला नाही. विश्वासानं उभा राहिलो, सहा महिन्यांत दुसरं काम मिळालं. म्हणून सांगतो, होतं हे.

सेक्टर_सातची

सहा महिने घरी काय करत होतात दादा? उपहासानं नाही विचारत.

नगरी_सलाम

घरी नव्हतो. पहिले दोन महिने घरात सांगितलंच नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो, वाशीला सागर विहारला खाडीकडे तोंड करून बसायचो. साडेबाराला डबा खायचो, कंपनीत जेवायची वेळ तीच होती. बायबल बॅगेत असायचं. उघडलं नाही.

बायकोला कळलं ते डब्यावरून. भाजी तशीच परत यायला लागली.

असो. याला निराशा म्हणायची असेल तर म्हणा. माझा मुद्दा तरी तोच आहे, रविवार चुकवला नाही. ‘अंतःकरण तपासा’ हे वाक्य मात्र ब्रदरांनी मागं घ्यावं. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. फ्रिजबद्दलही सॉरी.

खारघर_निरीश्वर

काका, सागर विहारला कॉलेज बुडवून आम्ही बसायचो. डबेवाले दोघं-तिघं रोजचे असायचे. रिटायर्ड असतील असं वाटायचं.

सेक्टर_सातची

दादा, सलाम.

वचन_एकच

मेणबत्तीबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते नोंदवून ठेवतो. फक्त माहिती म्हणून, मासुंद्याकाठी, ते मेणाचं बाळ जत्रा नसतानाही मिळतं का? माझ्यासाठी नाही. बहिणीनं वाचला हा धागा, ती विचारतेय.

मासुंद्याकाठी

मिळतं, चर्चच्या समोरच. रविवार सोडून जा. आणि तिला सांगा, उन्हाच्या बाजूला बसू नको, लोकलमध्ये बाळ मऊ पडतं.