मदत हवी आहे : नेहामा लाइबोविट्झ यांच्या प्रश्नपत्रिकांविषयी

सर्वांना नमस्कार. नेहामा लाइबोविट्झ यांच्यावर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. १९०५ मध्ये रीगा येथे जन्मलेल्या या विदुषी १९३० साली जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून जेरुसलेमला आल्या आणि ज्या ज्यू परंपरेत तोराचे, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाचे, सखोल अध्ययन बहुतांशी पुरुषांकडेच होते, तिच्यात राहूनच, कोणताही गाजावाजा न करता, तोराच्या नामवंत शिक्षिका झाल्या. १९४२ पासून सुमारे तीस वर्षे त्या दर आठवड्याच्या तोरापाठावर, म्हणजे त्या आठवड्यात वाचायच्या तोराच्या भागावर, प्रश्नांची पत्रके काढीत. अवघड प्रश्नापुढे एक फुली, अतिअवघड प्रश्नापुढे दोन. टपालाने आलेली उत्तरे त्या स्वतः लाल शाईने तपासून परत पाठवीत. अकराव्या शतकातील तोराचे भाष्यकार राशी यांना तोरातील एखाद्या ओळीत नेमके काय खटकले असेल, हा त्यांचा लाडका प्रश्न. (आपल्याकडे ज्ञानेश्वरी अशा रीतीने शिकविली जावी, असे मला फार वाटते.) १९५६ चा इस्राएल पुरस्कारही त्यांना मिळाला.

इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मराठीभाषक बेने इस्राएल (ज्यू) कुटुंबांपैकी कोणी त्यांच्या वर्गाला बसले होते काय, किंवा कोणाच्या घरी लाल शाईचे शेरे असलेले पत्रक जपून ठेवलेले आहे काय? तसेच हिब्रू आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणारे कोणी एका पत्रकाचा अर्थ लावण्यास साहाय्य करतील काय? कृपया येथेच कळवावे.