उपाशी गटाच्या यकृतात डीएनए वाढलेला दिसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जीवरसायनशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पात अडकले आहे. प्रौढ रॅट्सचे तीन गट आहेत: एकाला पोटभर नेहमीचा आहार, दुसऱ्याला काही दिवस उपास, तिसऱ्याला प्रथिनं अगदी कमी असलेला आहार. शेवटी यकृत आणि मांडीचा स्नायू काढून प्रथिनं लाउरीच्या पद्धतीनं मोजली आणि डीएनए डायफेनिलअमीन या रंग देणाऱ्या रसायनानं.

उपाशी गटाच्या यकृतात दर ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम कमी झाली आहेत, पण डीएनए चांगलाच वर गेलाय! खायला नसताना पेशी नवा डीएनए कशाला बनवतील? कमी प्रथिनांच्या गटात याच्या उलट, तिथे दर ग्रॅम डीएनए उतरलाय. स्नायूत तिन्ही गटांत फारसा फरक नाही. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) नीट आहे, रीडिंग पुन्हा घेऊन पाहिली. गाईड म्हणतात, "आधी तू अर्थ लाव, मग ये." कुणी दिशा दाखवेल का?

पेशीमोजणी:
डीएनए वाढलेला नाही, यकृत आक्रसलंय. तुम्ही दर ग्रॅम भागताय आणि तुमचा भाजकच आहाराबरोबर बदलतोय.

समजा (आकडे निव्वळ हिशेबापुरते) पोटभर खाल्लेल्या रॅटचं यकृत १० ग्रॅम, त्यात प्रथिनं २००० मिलिग्रॅम आणि डीएनए २० मिलिग्रॅम. उपासानंतर यकृत ७ ग्रॅम, प्रथिनं १३००, डीएनए तेवढाच २०. आता दर ग्रॅम काढा. प्रथिनं २०० वरून १८६ वर, म्हणजे काही घडलंच नाही असं वाटतं. डीएनए २ वरून जवळजवळ २.९ वर. प्रत्यक्षात यकृतानं एक तृतीयांशाहून जास्त प्रथिनं गमावलीत! प्रथिनं भागिले डीएनए केलंत की १०० चे ६५ झालेले लगेच दिसतील.

मुळात द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) केंद्रकात डीएनए ठरावीकच असतो. १९४८ साली ब्वाव्हँ आणि व्हाँद्रली यांनी गाईगुरांच्या ऊतींवर हे दाखवलं, शुक्रपेशीत तो निम्मा भरला. उपासात पेशी ग्लायकोजेन, पाणी, आरएनए, प्रथिनं सगळं खर्ची घालते. केंद्रकातला डीएनए तसाच राहतो. आणि यात यकृत सगळ्यांत आधी रिकामं होतं, स्नायू पुष्कळ मागून. म्हणून तुमच्या स्नायूत फरक दिसला नाही.

काचनळी:
वरच्या उत्तराला +१. तिसऱ्या गटात चरबी पाहिलीत का? प्रथिनं कमी पडली की यकृतातून चरबी बाहेर वाहून नेणारी लायपोप्रोटीनं पुरेशी बनत नाहीत आणि चरबी साचते. वजन वाढतं, दर ग्रॅम डीएनए पातळ होतो. यकृत फिकट पिवळट दिसत होतं का?

डायफेनिलअमीन वापरलंत हे बरं केलंत. तो रंग डीऑक्सिरायबोजचा, आरएनएमधल्या रायबोजचा नाही. काही जण सरळ २६० नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजून मोकळे होतात, पण तिथे डीएनए आणि आरएनए दोन्ही एकत्र मोजले जातात. यकृतात आरएनए डीएनएच्या कितीतरी पट असतो, आणि उपासात नेमका तोच घटतो. मग आकड्यांचा काही भरवसा नाही.

प्रश्नकर्ती:
अवयवांची वजनं वहीत होतीच! पूर्ण यकृताचा हिशेब मांडला. एकूण डीएनए तिन्ही गटांत जवळपास सारखा, एकूण प्रथिनं उपाशी गटात दणकून खाली. तिसऱ्या गटाचं यकृत पिवळट होतं, खरंय. दोघांचे खूप आभार. आता शंका अशी की एकूण डीएनएवरून पेशींची संख्या लिहिली तर चालेल?

पेशीमोजणी:
यकृतासाठी लिहू नका. प्रौढ रॅटच्या यकृतात पुष्कळ पेशींत दोनऐवजी चार गुणसूत्रसंच असतात, काहींत दोन केंद्रकं. स्नायूत एकेका तंतूत शेकडो केंद्रकं. "प्रति केंद्रक" म्हणणंही यकृतात सैलच, "प्रति डीएनए" म्हणा आणि सुटा. शेवटच्या शरीरवजनानं भागायचा मोहही टाळा, तेही उपासानं घटलेलंच आहे. सुरुवातीच्या वजनावर मांडा.

काचनळी:
आणि निष्कर्षात "प्रौढ" हा शब्द ठळक राहू द्या. वाढीच्या वयात चित्र वेगळं. विनिक आणि नोबल यांनी १९६६ मध्ये रॅटच्या पिल्लांवर दाखवलं की पेशीविभाजन जोरात चालू असताना उपासमार झाली, तर एकूण डीएनए कमी राहतो आणि पुढे पोटभर खाऊनही भरून येत नाही. विभाजन संपल्यावर झाली तर फक्त पेशी लहान होतात, खाणं मिळालं की पूर्ववत. परीक्षक इथेच पकडतात.

प्रश्नकर्ती:
नोंद केली. प्रकल्पाचं ठरलेलं शीर्षक "आहाराचा डीएनए व प्रथिनांवरील परिणाम" असं आहे. ते ठेवू का?

पेशीमोजणी:
बदला. तुमच्या प्रयोगात डीएनए ही फक्त मोजपट्टी आहे. आहाराचा थेट डीएनएवर परिणाम होतो, पण तो निराळा. फोलेट (एक ब जीवनसत्त्व) कमी पडलं की थायमिन (डीएनएतला एक घटक, त्याच नावाचं जीवनसत्त्व नव्हे) पुरेसं बनत नाही आणि त्याच्या जागी आरएनएमधलं युरॅसिल घुसतं. डीएनएवर चिकटलेल्या मेथिल गटांची (लहान रासायनिक खुणांची) मांडणीही आहारानं बदलू शकते. यातलं काहीच डायफेनिलअमीनला दिसत नाही. "प्रथिन-डीएनए गुणोत्तर" हे शब्द शीर्षकात आणा, आणि गोठवलेलं यकृत उरलं असेल तर आरएनएही मोजून टाका.