खर्चकपातीवर नेते तेव्हा काय बोलले, आज काय करताहेत : जोड्या पडताळायच्या कशा?

मालवी_वाचक (इंदूर)
आमच्या वाचनकट्ट्याचं गणेशोत्सवात भित्तिपत्रक लावायचं ठरतंय. सरकारी खर्च कमी करण्याबद्दल डावीकडे नेत्यांचं जुनं विधान आणि उजवीकडे आजची भूमिका, अशी मांडणी आहे. सध्या तीन जोड्या हातात आहेत.
एक : मोदी २०१५मध्ये मनरेगा बंद करायला निघाले होते, २०२०मध्ये त्याच योजनेला ४०,००० कोटी वाढवून दिले.
दोन : जुलै २०२२मध्ये मोदींची ‘रेवडी’वर, म्हणजे मतांसाठीच्या फुकट वाटपावर टीका, आणि २०२३मध्ये आपल्या मध्य प्रदेशात भाजप सरकारची लाडली बहना, म्हणजे बायकांना दरमहा पैसे देणारी योजना.
तीन : २०१२मध्ये अनुदानित सिलिंडरची मर्यादा आली तेव्हा भाजप रस्त्यावर होता, पुढे अनुदान त्यांच्याच काळात गेलं.
तिन्ही मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून घेतल्यात. यातली कुठली टिकेल आणि मूळ नोंद कुठे सापडेल? दोन्ही पक्षांची माणसं कट्ट्यावर येतात, त्यामुळे चूक परवडणार नाही.

कात्रणवही
पहिली जोडी आहे तशी लावू नका, ती उलटी आहे. ते भाषण २७ फेब्रुवारी २०१५चं, लोकसभेतलं, राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या आभारप्रस्तावाला दिलेलं उत्तर. (लोकसभेच्या अध्यक्ष तेव्हा आपल्या सुमित्राताई महाजन होत्या.) त्यात पंतप्रधान म्हणाले ते असं : मनरेगा कधीही बंद करू नका असं माझी राजकीय समज सांगते, कारण ती काँग्रेसच्या ‘विफलताओं का जीता-जागता स्मारक’ आहे. टीका जहरी होती, पण बंद करण्याची भाषा नव्हती. फिरणाऱ्या तुकड्यात ‘स्मारक’ तेवढं ठेवतात आणि आधीचं वाक्य कापतात. त्यामुळे मे २०२०च्या ४०,००० कोटींशी त्याचा थेट विरोध लागत नाही.

विरोध लागतो तो डिसेंबर २०२५शी. त्या महिन्यात मनरेगा कायद्याच्या जागी ‘विकसित भारत जी राम जी’ हा ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा आला. विधेयक मांडणारे मंत्री म्हणजे आपले माजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान. डावीकडे ‘कधीही बंद करू नका’, उजवीकडे कायदाच बदलला, ही जोडी टिकेल. मात्र सरकारची बाजू त्याच चौकटीत लिहा : हमीच्या कामाचे दिवस वर्षाला १००चे १२५ झाले आणि सरकार याला बंद करणं नाही, सुधारणा म्हणतं. खर्चाचा मुद्दा त्याच्या खाली येतो. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्राचा होता, साहित्याचा ७५ टक्के. नव्यात मध्य प्रदेशासारख्या राज्यांना केंद्र-राज्य वाटा ६०:४०. म्हणजे कपात असलीच तर ती केंद्राच्या वहीत, आणि तो बोजा भोपाळच्या वहीत.

मूळ नोंद शोधताना वृत्तवाहिनीच्या चित्रफितीपासून सुरुवात करू नका. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात तारीख आणि चर्चेचं नाव टाकून लोकसभेचा वादविवाद काढा. मूळ आवृत्ती घ्या, तिच्यात हिंदी भाषण हिंदीतच असतं. इंग्रजी आवृत्तीवरून पुन्हा मराठी केलं की शब्द सरकतात. त्याच दिवशीची असंपादित प्रत आणि नंतरची संपादित प्रत यांत फरक असू शकतो, म्हणून कोणती वापरली ते लिहून ठेवा. तारांकित जागा दिसली तर ते शब्द अध्यक्षांनी नियम ३८०खाली कामकाजातून काढलेले असतात. ते चित्रफितीतून उचलून भित्तिपत्रकावर ‘सभागृहात म्हटलं’ म्हणून लावू नका. त्याच चर्चेचं राज्यसभेतलं उत्तर ३ मार्च २०१५चं आहे, तारखांची गल्लत बहुतेक तिथेच होते.

हिशेबनीस
आकड्यांबद्दल. अर्थसंकल्पात एकाच योजनेचे तीन आकडे असतात : अर्थसंकल्पी अंदाज (वर्षाच्या सुरुवातीचा), सुधारित अंदाज (वर्ष सरता सरता बदललेला), प्रत्यक्ष खर्च. कपातीच्या निम्म्या भांडणांचं मूळ यांच्या सरमिसळीत असतं. मनरेगाचंच बघा. २०२२-२३चा अर्थसंकल्पी अंदाज ७३,००० कोटी, सुधारित ८९,४०० कोटी. २०२३-२४चा अर्थसंकल्पी अंदाज ६०,००० कोटी. ‘३३ टक्के कपात’ ही बातमी ६०,०००ची तुलना ८९,४००शी करून झाली. अंदाजाची तुलना अंदाजाशी केली तर कपात १७.८ टक्के. आणि २०२३-२४चा सुधारित आकडा पुन्हा ८६,००० कोटींवर गेला. सुरुवातीला कमी धरायचं आणि मग पुरवणी मागणीतून, म्हणजे वर्षाच्या मधे जादा मंजुरी घेऊन, भरायचं, हा प्रकार कपातीपेक्षा वेगळा आहे. तोही वाईटच, कारण मधल्या काळात मजुरी थकते. पण त्याला त्याच्या नावाने लिहा.

याहून मोठा सापळा अन्न अनुदानाचा. २०२०-२१चा अंदाज १,१५,५७० कोटी होता, सुधारित ४,२२,६१८ कोटी, आणि प्रत्यक्ष खर्च ५.४१ लाख कोटींच्या आसपास गेला. पुढच्या वर्षी तो २.९ लाख कोटींच्या घरात. ‘अन्न अनुदान जवळपास निम्मं केलं’ असं यावरून लिहिणारे भेटतात, आणि ते चूक आहे. आधी बरीच वर्षं अन्न महामंडळाला अनुदान द्यायच्या ऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जात होतं, म्हणजे खर्च अर्थसंकल्पाबाहेर दडलेला होता. २०२०-२१मध्ये ते कर्ज एकरकमी फेडून खर्च वहीत आणला. मोफत धान्याचा खर्च होताच, पण आकडा फुगला तो मुख्यतः या परतफेडीने. म्हणून कुठल्याही नेत्याच्या ‘आम्ही वाढवलं’ किंवा ‘त्यांनी कापलं’ला उत्तर देण्याआधी सलग पाच वर्षांची प्रत्यक्ष खर्चाची ओळ काढा आणि एखादं वर्ष एकटंच उंच उभं असेल तर कारण शोधा.

शिप्रातीर
लाडली बहनाच्या जोडीत बोलणारा आणि करणारा वेगळा आहे, हे पहिलं दुखणं. ‘रेवडी’ पंतप्रधान बोलले, १६ जुलै २०२२ला जालौन जिल्ह्यात, बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला. योजना शिवराजजींची. १०००चा पहिला हप्ता १० जून २०२३ला पडला, ऑक्टोबरपासून १२५०, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये मोहन यादवांच्या सरकारने १५०० केले. पक्ष तोच आहे, मात्र माणूस तो नाही. लावायची तर वर ‘पक्षाची भूमिका’ असं स्पष्ट लिहा.

पैशाचा अंदाज स्वतः काढता येतो. सव्वा कोटी बहिणी धरा. १२५० गुणिले १२ महिने, म्हणजे वर्षाला १८,७५० कोटी. १५०० धरले की २२,५०० कोटी. कुणी याच्या निम्मा किंवा दुप्पट आकडा सांगितला तर समजायचं की महिना-वर्षाची गल्लत आहे किंवा लाभार्थींची संख्या बदलली आहे. ही संख्या दर वेळी तपासा. साठी ओलांडली की नाव यादीतून निघतं, त्यामुळे हप्ता वाढला म्हणून एकूण खर्च त्याच पटीत वाढतोच असं नाही.

विरोधी_बाक
एक गोष्ट कुणी सांगितली नाही : कपात सूचना, आपल्या विधानसभेत ‘कटौती प्रस्ताव’. ‘अमक्या आमदाराने पाणीपुरवठ्याचा खर्च कापायची मागणी केली होती, आज तोच पाण्यासाठी मोर्चा काढतो’ अशा जोड्या यातूनच जन्मतात. सांकेतिक कपात सूचना म्हणजे खात्याने सभागृहाकडे केलेल्या खर्चाच्या मागणीतून १०० रुपये कमी करा असा प्रस्ताव. हेतू एखादी तक्रार सभागृहात मांडण्याचा असतो, खर्च कमी करण्याचा नसतोच. बऱ्याचदा तक्रार ‘खर्च पुरेसा नाही’ हीच असते! धोरणाला विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणायची सूचना देतात. खरी काटकसर सुचवणारी तिसरी, तिच्यात ठरावीक रक्कम असते. कामकाजात तिन्ही ‘कपात’ म्हणूनच दिसतात, तेव्हा रक्कम बघितल्याशिवाय जोडी लावू नका. तसंच ‘बाजूने मत दिलं’ हे मतविभाजन, म्हणजे मतांची नोंद करून मोजणी, झाली असेल तरच लिहा. आवाजी मतदानात कुणाचंच नाव नोंदलं जात नाही, आणि अधिवेशनाच्या शेवटी बऱ्याच मागण्या चर्चेविनाच एकत्र मंजूर होतात.

सिलिंडरची जोडी चांगली आहे, पण ती दोन्ही बाजूंनी लावा. १३ सप्टेंबर २०१२ला मनमोहनसिंग सरकारने डिझेल ५ रुपयांनी वाढवलं आणि अनुदानित सिलिंडर वर्षाला ६वर आणले. २० सप्टेंबरला विरोधकांचा भारत बंद झाला, भाजप त्यात होता. जानेवारी २०१३ला मर्यादा ९, जानेवारी २०१४ला १२, म्हणजे काँग्रेस स्वतःच्याच कपातीवरून सोळा महिन्यांत मागे आली. मग भाजपच्या सरकारने १८ ऑक्टोबर २०१४ला डिझेल पूर्ण नियंत्रणमुक्त केलं, आणि मे २०२०पासून उज्ज्वला नसलेल्या बहुतेक ग्राहकांचं सिलिंडर अनुदान व्यवहारात शून्य झालं. जागतिक दर तेव्हा पडले होते हेही लिहा. नंतर दर चढले तरी ते अनुदान परतलं नाही, हेही लिहा.

चौथी जोडी हवी असेल तर जुनी पेन्शन घ्या. तिच्या जागी आलेली नवी योजना, जिच्यात सरकार आणि कर्मचारी दोघेही दरमहा वाटा भरतात, केंद्रात १ जानेवारी २००४पासून, आपल्याकडे १ जानेवारी २००५पासून. तिला कायद्याचा पाया सप्टेंबर २०१३मध्ये काँग्रेसच्या सरकारने दिला, भाजपच्या पाठिंब्याने. २०२२मध्ये राजस्थानात काँग्रेसनेच जुनी पेन्शन परत आणली आणि २०२३मध्ये इथल्या वचनपत्रातही (जाहीरनाम्यात) घातली. खरी मेख अशी की जुनी योजना आणल्यावर सरकारचा मासिक वाटा भरणं थांबतं, म्हणून आजचा खर्च उलट कमी दिसतो. २००५नंतर लागलेले लोक मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागतील तेव्हा बिल येईल.

मालवी_वाचक
सगळ्यांचे आभार. पहिली जोडी बदलतो. चौकटीत नेमकं काय काय लिहावं? जागा पाव कार्डशीटची आहे.

कात्रणवही
डावीकडे तारीख, ठिकाण किंवा सभागृह, आणि मूळ हिंदीतलं वाक्य आगेमागे एकेक वाक्य ठेवून. उजवीकडे निर्णयाची तारीख आणि एकच आकडा, तो अंदाज आहे की प्रत्यक्ष खर्च ते त्याच ओळीत. खाली बारीक अक्षरात त्या पक्षाचं स्पष्टीकरण. मोठा टाइप फक्त तारखांना द्या, ‘पलटी’, ‘यू टर्न’ असे शब्द वर नकोत.

हिशेबनीस
जमलं तर एक चौकट डावी बाजू रिकामी ठेवून लावा. वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शनमधला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना महिना २०० रुपये आहे, २००७पासून तेवढाच. दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. महागाईने त्या २००ची किंमत दरवर्षी खाल्ली, आणि ‘आम्ही ही कपात करतोय’ असं वाक्य शोधायला गेलात तर कुठल्याच सभागृहाच्या कामकाजात मिळणार नाही.