लायब्ररीतलं कटिंग मशीन: कोणी वापरलंय का?

ताई: लायब्ररीत क्रिकट कंपनीचं कटिंग मशीन आलंय, कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे कागद, स्टिकर कापून देणारं. मुलांच्या बाटल्या-डब्यांवर मराठीत नावं चिकटवायचीत. कोणी वापरलंय का?

काकू: मी जाते की. डिझाइन मात्र घरूनच करून ने. तिथे फॉन्ट निवडत बसलीस तर स्लॉट त्यातच जातो, आणि पुढच्या नंबरचा माणूस मागे येऊन उभा राहतो 😄

दादा: फाइल कसली? जेपीजी चालेल?

काकू: चालेल, पण बॅकग्राउंड काढत बसावं लागतं. एसव्हीजी बरी, ती रेषांचीच फाइल असते. मराठीची खरी गोम शिरोरेषेत आहे. स्क्रीनवर ती सलग दिसते, पण प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते, शेजारच्या रेघेवर जराशी चढलेली. मशीन प्रत्येकीची कड कापतं आणि नावाचे तुकडे पडतात. म्हणून इंकस्केपमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) नाव टाइप करून त्याचा पाथ (म्हणजे अक्षरांच्या कडांच्या रेषा) करायचा, ग्रुप सोडवायचा, मग युनियन, म्हणजे सगळे तुकडे जोडून एकच आकार. अनुस्वार तरी सुटाच राहणार, नको ते विनाइल (स्टिकरचं प्लॅस्टिक) सोलताना तोच आधी उडतो. अक्षर मोठं घे.

ताई: बापरे. बरं झालं विचारलं.

आत्या: मला टी-शर्टवर अक्षरं हवीत. होतील का गं?

काकू: होतील की वन्सं. इस्त्रीने चिकटवायचं विनाइल चकचकीत बाजू खाली ठेवून, मिरर (डिझाइन आरशातल्यासारखं उलटं करणं) चालू करून कापायचं. स्टिकरला मिरर नको. दोन्ही कामं एकाच दिवशी असली की घोटाळा इथेच होतो.

काका: सगळ्यांचं मशीन म्हणजे ब्लेड बोथटच असणार.

काकू: असू शकतं. आधीच्याने काय कापलंय कोण जाणे. म्हणून कोपऱ्यात छोटासा त्रिकोण कापून बघायचा. विनाइल सुटलं आणि खालचा कागद शाबूत राहिला की सेटिंग बरोबर. मला विचाराल तर ब्लेड आपलं न्यावं, तिथे चालतं का एवढं विचारून.

दादा: कापायला कागद ज्या चिकट मॅटवर लावतात, तिच्यावरून काढताना तो गुंडाळतो त्याचं काय?

काकू: कागद ओढायचाच नाही. मॅट उलटी करून मॅटच वाकवत मागे घ्यायची. साध्या कागदाला निळी मॅट घे, हिरवी फार घट्ट धरते.

ताई: शनिवारचा स्लॉट मिळाला 🙌

आत्या: माझी अक्षरं पण घे हं त्यातच.

काकू: फाइली आधी इथे टाका, ऱ्हस्व-दीर्घ बघून देते. आणि निघताना तिथल्या कॉम्प्युटरवर लॉगआउट कर गं.